परदेशी वैद्यकीय पदवी आणि मायदेशातील मान्यता

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवडा हे कापूस पिकविणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथील एखाद्या कुटुंबाने शेत गहाण ठेवून मुलाला वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया वा किर्गिझस्तानात पाठविले व तो पदवी घेऊन परतला, की आता दारावर डॉक्टरची पाटी लागेल, अशी घरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात पाटी लागण्यापूर्वी बराच काळ लोटतो आणि त्या काळातील खर्चाची व मनस्तापाची पूर्वकल्पना फार थोड्यांना असते.

पदव्यांच्या मान्यतेचा प्रश्न नवा नाही. १९३० साली ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यानंतर १९३३ चा कायदा झाला आणि भारतीय वैद्यक परिषद अस्तित्वात आली. २०२० पासून हे कार्य राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. प्रश्न रुग्णाच्या जिवाचा असल्याने पदवीची पारख आवश्यकच आहे.

परदेशी पदवीधरांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा घेतली जाते. तीत ३०० पैकी किमान १५० गुण मिळवावे लागतात. जून २०२४ च्या परीक्षेत सुमारे २१ टक्के उमेदवारच उत्तीर्ण झाले. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, नंतर भारतातील आंतरवासिता व शेवटी कायम नोंदणी, असा क्रम आहे.

परीक्षेइतकीच दमछाक कागदपत्रे करतात. शालान्त प्रमाणपत्रात आडनाव आरंभी, पारपत्रात अखेरीस आणि परदेशी पदवीपत्रात वडिलांचे नाव गळालेले, असे झाले की एकाच व्यक्तीची तीन नावे होऊन बसतात. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी परदेशी विद्यापीठाशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो. परिषदेचे कार्यालय मुंबईस, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एकदा पडताळलेला कागद पुन्हा मागितला जातो, तेव्हा उमेदवाराचा धीर सुटणे स्वाभाविक आहे. तपासणी काटेकोर असावी. परंतु कोणता कागद, कोणत्या नमुन्यात व किती दिवसांत, हे अर्जदारास प्रथमच स्पष्ट कळले पाहिजे.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मान्यतेचा पाया परतल्यावर नव्हे, तर जाण्यापूर्वीच घातला जातो. परदेशी जाणाऱ्यांसही 'नीट' परीक्षा २०१८ पासून बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा. त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता व्हावी. आणि ती पदवी त्या देशातही व्यवसायाचा परवाना मिळण्यास पात्र असावी. यांपैकी एखादी अट राहून गेली, तर ती घरी परतून भरून काढता येत नाही.

म्हणून मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर विसंबून न राहता आयोगाचे नियम स्वतः वाचावेत, संस्थेकडून प्रत्येक अटीची लेखी खात्री करून घ्यावी आणि सर्व प्रमाणपत्रांवरील नाव एकसारखे करून घ्यावे. त्यानंतरच शेताच्या कागदांना हात लावावा.