फुलाला नाव मिळतं तेव्हा

तोरणमाळच्या पठारावर पावसाळ्यात एखादं अनोळखी फूल दिसलं, तर ते विज्ञानाला नवं आहे हे कसं ठरवायचं? स्थानिक माणसं ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असू शकतात. वनस्पतिशास्त्राचा हिशेब मात्र वेगळा आहे.

अलीकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या विशाळगडाचं. तिथे सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या नव्या प्रजातीला शिवाजी महाराजांच्या सन्मानार्थ ‘सेरोपेजिया शिवरायीआना’ हे नाव देण्यात आलं. शोधनिबंध २०२३ मध्ये ‘फायटोटॅक्सा’ या नियतकालिकात आला. सेरोपेजियाचं फूल मोठं बेरकी असतं. वासाला भुलून बारीक माशी नळीत शिरते, आतले खाली वळलेले केस तिला परत फिरू देत नाहीत. केस कोमेजले की ती सुटते, परागकण घेऊन.

असं फूल हाती आलं, तरी खरं काम पुढेच. जवळच्या सगळ्या प्रजातींची वर्णनं आणि जुने नमुने ताडून पाहायचे. पाकळ्या, देठ, केस, सगळ्यांची मोजमापं घ्यायची. मग फुलासकट फांदी दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवायची. त्यातला एक नमुना ‘होलोटाइप’ ठरतो. पुढे वाद झालाच तर नावाचा निवाडा त्याच्यावरून होतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात असे अनेक नमुने जपलेले आहेत.

नव्या प्रजातीचं प्रसिद्ध होणारं वर्णन लॅटिनमध्येच हवं, ही अट २०१२पासून गेली. आता इंग्रजीही चालते. मराठी अजून नाही!