काचेवरचा कंट्रोल

बडनेऱ्याला गाडीत खिडकी मिळाली की कुरुम, माना, मूर्तिजापूर मागे टाकत अकोल्यापर्यंतचा वेळ आपलाच. डब्यात बहुतेकांचे अंगठे रील सरकवत असतात. त्यातच एखादं पोरगं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ठोकत बसलेलं दिसतं. शेजारच्यानं ‘काय करून राहिला बे?’ विचारलं तर ‘काई नाई, सर्व्हर पाहून राहिलो’ एवढंच उत्तर. अशा वेळी अ‍ॅप बहुधा टर्मक्स असतं. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे, आणि टर्मक्समुळे त्याच्याशी टाइप केलेल्या आज्ञांतून बोलता येतं. लॅपटॉप नसला तरी पायथन शिकायला, दूरच्या सर्व्हरवर शिरायला एवढं पुरतं.

मला खरं नवल वाटतं ते त्या अ‍ॅपच्या तळाशी उगवणाऱ्या कीबोर्डचं.

फोनचा कीबोर्ड माणसांना निरोप धाडण्यासाठी घडलेला आहे. तो शब्द जुळू देतो, सुचवतो, दुरुस्त करतो आणि मगच पुढे देतो. टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या पडद्याला, हा शहाणपणा चालत नाही. आज्ञेतलं एक अक्षर ‘सुधारलं’ की ती आज्ञाच उरत नाही. म्हणून टर्मक्स कीबोर्डला बजावतं की इथे मजकूर लिहायचा नाही, कोणतं बटण दाबलं तेवढं कळव. काही कीबोर्ड हेही मनावर घेत नाहीत. त्यांच्यासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालता येते, आणि मग टर्मिनल चक्क पासवर्डची चौकट असल्याचं सोंग घेतं. दुसऱ्याचा पासवर्ड सुधारायला जाण्याइतका आगाऊपणा कीबोर्डातही नसतो.

दुसरी अडचण म्हणजे कंट्रोल, एस्केप, टॅब आणि बाण ही बटणं फोनवर नसतातच. टर्मक्स ती कीबोर्डच्या डोक्यावर दोन ओळींत मांडतं. काचेवर कंट्रोल दाबून धरण्याची कसरत नको, म्हणून ते एकदा दाबून सोडायचं. पुढच्या अक्षराला ते आपोआप लागू होतं. त्याहून गमतीचं म्हणजे आवाज कमी करायचं बटण धरलं की तेही कंट्रोल बनतं. आवाज वाढवायच्या बटणासोबत ई दाबलं की एस्केप, टी दाबलं की टॅब. फोनवर खरीखुरी दाबता येणारी बटणं उरलीत किती? त्यांतली दोन अशी कामाला जुंपली.

पण कंट्रोल नेमकं करतं काय? वजाबाकी! १९६३ साली अमेरिकेत आस्की ही संकेतावली ठरली, त्याच साली टेलिटाइप ३३ हे टंकयंत्र आलं. अक्षरांना क्रमांक मिळाले. मोठ्या सीचा ६७. कंट्रोल त्यातून ६४ काढून घेतं, उरतात ३. हा तीन क्रमांक पोचला की लिनक्स चालू असलेल्या प्रोग्रामला थांबायचा इशारा देतं. आय उणे ६४ म्हणजे ९, तोच टॅब. एम उणे ६४ म्हणजे १३, ते एंटर. त्यामुळे टॅबचं बटण नसलं तरी कंट्रोल आणि आय मिळून टॅबच होतो. जी उणे ६४ म्हणजे ७, आणि सातवर टेलिटाइपमधली खरी घंटा वाजायची. आज तोच सात टर्मक्समध्ये आला तर, सेटिंग बदललेली नसेल तर, फोन थरथरतो. साठ वर्षांपूर्वीच्या टोल्याचा हा हादरा थेट तळहाताला बसतो.

अमरावती-अकोल्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लिपिकाच्या जागेसाठी मिनिटाला ३० मराठी शब्द गाठायला जे घाम गाळत, त्यांना कंट्रोलची जातकुळी चटकन कळावी. मराठी टंकयंत्रातही काही मात्रांची बटणं अशी असत की ती दाबली तरी गाडा पुढे सरकत नसे. पुढचं अक्षर आलं की दोन्ही मिळून एक व्हायची. कंट्रोलही एकटं दाबलं तर टर्मिनलकडे काहीच जात नाही.

मराठीपुढे मात्र ही वजाबाकी थबकते. युनिकोड या नव्या संकेतावलीत च चा क्रमांक २३३०, आणि वर आलेले ३, ७, ९, १३ असे हुकमाचे जुने क्रमांक ३२ च्या आत. पिंग ही थांबवेपर्यंत चालणारी आज्ञा सुरू करून ती थांबवायच्या वेळी कीबोर्ड मराठीवर असेल, तर कंट्रोलनंतर सीऐवजी दाबलेला च नुसता च म्हणूनच जातो आणि पिंग चालूच राहतं. आधी इंग्रजीवर यावं लागतं. मराठी मजकूरच लिहायचा असेल तर वरच्या बटणांची ओळ डावीकडे सरकवावी. तिथे लिहायची साधी चौकट उघडते. तीत कीबोर्डच्या सगळ्या सूचना परत मिळतात आणि एंटर दाबल्यावर पूर्ण ओळ एकदमच टर्मिनलकडे जाते.