कोपर हलतंय तोवर

गणपती विसर्जनाच्या दिवशी हैदराबादच्या काचीगुड्यात दुपारपासूनच तीनमारचा ठेका घुमू लागतो. चप्पल बाजार, निंबोळीअड्डा, बरकतपुरा, जिथून पाहाल तिथून एकेक गाडी हुसेनसागर तलावाकडे निघालेली असते आणि गाडीपुढे पोरं नाचत असतात. गुडघे वाकलेले, खांदे उडताहेत, एक पाय पुढे आपटून लगेच मागे, कोपरं बाहेर काढलेली, एखाद्याच्या दातांत रुमाल. गल्ली जेमतेम दोन रिक्षा जातील एवढी. तरीही तासन्‌तास नाचून फारशी टक्कर होत नाही, आणि झाली तर कुणी मनावर घेत नाही. हे कसं जमतं, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचाही आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्याला फार चांगली उत्तरं मिळू लागली आहेत.

हा ठेका अस्सल इथला. त्याचं मूळ मर्फा या ढोलवादनात. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रामौत भागातले अरब होते आणि आफ्रिकी वंशाचे सिद्दीही होते. सिद्दी घोडदळाची वस्ती म्हणजे आजचं एसी गार्ड्स, अरबांची बारकस. त्यांचा मर्फा आधी लग्नकार्यात वाजू लागला आणि त्याच्या वेगवान चालीतून आलेला तीनमार पुढे बोनालूच्या सणात, गणपतीत, वरातीत, निवडणुकीच्या विजयात, सगळीकडे शिरला. मराठवाड्यातल्या वाचकांना चाऊस हे आडनाव नवं नाही. तेही याच हद्रामी अरबांचे वंशज. आणि काचीगुड्याचं स्टेशन 1916 चं. मनमाड, जालना, परभणी, नांदेड करत येणाऱ्या मीटर गेजच्या लाइनीने नोकरीसाठी, शिक्षणासाठी आलेली मराठी घरं काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत रुजली. त्या घरांतली पोरं लेझीम विसरलेली नाहीत, पण रस्त्यावर त्यांचे पाय उचलतात ते तीनमारवर.

मुळात पाय का उचलतात? ताल पकडण्याची क्षमता आपण जन्मतःच घेऊन येतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2009 मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधेच त्यातली सम गाळली. बाळांच्या मेंदूच्या विद्युतलहरींत दचकल्याची खूण उमटली, म्हणजे पुढचा ठोका कुठे पडणार याचा अंदाज त्यांनी बांधलेला होता. पण अगदी सरळसोट ठेक्यावर नाचावंसं वाटत नाही, आणि फार गुंतागुंतीच्यावरही नाही. अपेक्षित जागेच्या जरा आधी किंवा नंतर पडणारा ठोका मधूनमधून आला की शरीर ती फट भरून काढायला स्वतः हलतं. तीनमार वाजवणारी मंडळी नेमकं हेच करतात. एक जण ठोक्याची चौकट धरून ठेवतो आणि दुसरा तिच्याशी लपंडाव खेळतो.

त्यात भर खर्जाची. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात संगीताचे कार्यक्रम करता येतील असं एक प्रयोगगृहच आहे. तिथे ऑर्फेक्स या जोडगोळीच्या कार्यक्रमात संशोधकांनी 8 ते 37 हर्ट्‌झचे, जवळपास कानाला न जाणवणारे खर्जाचे स्पीकर ठरावीक वेळाने चालू-बंद केले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ते चालू असताना लोक सुमारे 12 टक्के जास्त हलत होते, आणि स्पीकर कधी चालू आहेत हे त्यांना ओळखता येत नव्हतं. खर्ज त्वचेतून आणि आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून शरीरात शिरत असावा, असं संशोधकांचं म्हणणं. ढोलाजवळ उभं राहिलं की छातीत जे घुमतं, ते निव्वळ ऐकणं नसतंच.

आता एक गंमत डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. लांबलचक मिरवणूक वरच्या मजल्याच्या गॅलरीतून पाहा. पुढचे आणि मागचे एका वेळी उडी घेत नाहीत. उडीची लाट पुढून मागे सरकताना दिसते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे ढोलापासून 35 मीटरवर उभ्या असलेल्याला ठोका दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला दीडशे ठोके पडत असतील तर दोन ठोक्यांत 0.4 सेकंदाचं अंतर. सत्तर मीटर मागे नाचणारा पुढच्याच्या बरोबर उलटा असतो: हा वर, तो खाली. त्याला मात्र आपण अगदी ठेक्यात आहोत असंच वाटतं आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. दोन मंडळांच्या गाड्या जवळ आल्या की मधल्या पट्ट्यातली माणसं गोंधळतात, पाय चुकतात, आणि धक्काबुक्कीची पहिली ठिणगी बहुधा तिथेच पडते. दोन वाजपांत अंतर राखायची जुनी रीत नुसती मानापमानाची नव्हे.

एकत्र नाचण्याने माणसं जवळ येतात हेही मोजून झालंय. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवरच्या 2015 च्या प्रयोगात काहींना एका तालात सारख्या हालचाली दिल्या, काहींना वेगवेगळ्या. काहींना दमवणाऱ्या, काहींना बसल्याबसल्या करण्याजोग्या. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळत नेऊन किती सोसवतं ते पाहिलं. एका तालात नाचलेल्यांची सोसण्याची ताकद वाढली होती आणि आपल्या गटाबद्दलची आपुलकीही. विसर्जनाच्या रात्री पायाला फोड आलेला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतो, त्याचं एक कारण हे असणार.

टक्करीचा प्रश्न अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सुटू लागला. तिथल्या चौघांनी हेवी मेटलच्या कार्यक्रमांतल्या ‘मॉश पिट’ची चित्रणं तपासली. मॉश पिट म्हणजे रंगमंचासमोरचा असा भाग, जिथे लोक मुद्दाम एकमेकांवर आदळत नाचतात. प्रत्येकाचा वेग मोजला, तर वेगांची वाटणी वायूच्या रेणूंसारखी निघाली. 2013 मध्ये हे काम ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलं. त्यांनी संगणकावर मोजक्याच नियमांची बाहुली बनवली, त्यांतले महत्त्वाचे दोन असे: शेजारी ज्या दिशेने जातोय तिकडे थोडं वळ, आणि थोडं मनमानी हल. मनमानी जास्त ठेवली की आदळाआपट होई. शेजाऱ्याचं अनुकरण वाढवलं की तीच गर्दी आपोआप गोल फिरू लागे. खऱ्या कार्यक्रमांतही अशी रिंगणं होतात, आणि बहुतेक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात.

काचीगुड्यात रिंगण समजावून सांगायची गरज नाही. भाद्रपद अमावास्येपासून तेलुगू बायका बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरतात, आणि त्याच दिवसांत मराठी घरांतल्या मुली पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा. फेर ही गर्दीची सगळ्यात सुरक्षित रचना आहे असं माझं ठाम मत आहे. प्रत्येकीच्या पुढे एकच पाठ, मागे एकच चेहरा, आणि मधली जागा मोकळी. कुणी चक्कर येऊन पडलं तर सगळ्यांना एकदम दिसतं. तीनमारमध्येही एक जण मधे येतो, बाकीचे कडं करून टाळ्या देतात, मग दुसरा येतो. मधल्या मोकळ्या जागेचा मान राखणं हीच त्या नाचाची रीत, आणि ती मोडणाऱ्याला लगेच ऐकवलं जातं: ‘हल्लू मियाँ, हल्लू!’

गर्दी धोकादायक कधी होते, हे मात्र अंगात रग असलेल्यालाही उमगत नाही. त्यासाठी साधं गणित करू. एका चौरस मीटरमध्ये एक माणूस असेल तर कोपरं पसरून नाचता येतं. दोन असतील तर जागच्या जागी उड्या मारता येतात. चार झाले की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मीटर बाजूचा चौकोन येतो, म्हणजे जवळजवळ खांद्यांच्या रुंदीएवढाच. डावीउजवीकडे माणूस टेकलेला. सात झाले की बाजू 38 सेंटिमीटरवर येते. तेव्हा पाऊल आपण टाकत नाही, गर्दी टाकते.

चारच्या आसपास काय घडतं, हे स्पेनमधल्या पाम्पलोना शहरात दिसलं. तिथे सॅन फर्मिन उत्सवाच्या सुरुवातीला 50 मीटर लांब, 20 मीटर रुंद चौकात पाच हजारांवर लोक कोंबले जातात. लियॉनच्या संशोधकांनी काही वर्षं वरून चित्रण केलं. निष्कर्ष 2025 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आले. घनता चौरस मीटरला चारच्या वर गेली की शेकडो माणसांचे गठ्ठे आपोआप गोल गोल झुलू लागतात, एक फेरा सुमारे 18 सेकंदांचा. कुणी ढकलत नाही, कुणी ठरवत नाही, आणि आत असलेल्याला आपण गोल फिरतोय हे कळतही नाही. कित्येक टन वजन एका लयीत सरकत असतं, आणि ती लय संगीताची नसते. हाच झोका त्यांना 24 जुलै 2010 च्या जर्मनीतल्या चित्रणातही सापडला. डुइसबुर्गच्या लव्ह परेड या संगीतोत्सवात त्या दिवशी 21 जण गेले होते.

अशा ठिकाणी बहुतेक माणसं तुडवली जाऊन मरत नाहीत. उभ्याउभ्या गुदमरतात. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते आणि चहूबाजूंच्या दाबाने ती फुगत नाही. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला 23 जण गेले. काचीगुड्याच्या जवळच, आरटीसी चौरस्त्यावरच्या चित्रपटगृहात 4 डिसेंबर 2024 च्या रात्री नव्या सिनेमाच्या खेळाला उसळलेल्या गर्दीत एक आई गेली आणि तिचा लहान मुलगा मरणाच्या दारात पोचला. यांतली कुठलीच गर्दी वाईट नव्हती. पुढे काय चाललंय हे मागच्याला दिसत नाही आणि तो पाऊल पुढे टाकत राहतो, एवढं पुरतं.

म्हणून मी नाचालाच गर्दीचा मापक मानतो. जोवर तुमचं कोपर हलतंय, तोवर घनता सुरक्षित आहे. नाचायची इच्छा आहे, ठेका जोरात आहे, पण हात छातीपासून सुटत नाहीत आणि अंग आपोआप डावीउजवीकडे झुलतंय, तर त्याच क्षणी कडेला निघायचं. उलट धक्का देऊन नव्हे. झोका ज्या दिशेने नेतो तिकडे जाऊ द्यायचं, तो थांबला की तिरकं दोन पावलं कडेकडे, पुन्हा थांबायचं. दोन्ही हात मुठी वळून छातीपुढे धरायचे, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते. मोबाइल पडला, चप्पल सुटली तर वाकायचं नाही. मात्र माणूस पडला तर आजूबाजूच्या चौघांनी हात पसरून आधी जागा करायची आणि मग त्याला उचलायचं. मेटलच्या कार्यक्रमांत आदळणारी पोरं हा नियम कसोशीने पाळतात: पडलेल्याला आधी उठवतात, मग पुढची उडी. दिसायला इतका दांडगा नाच त्यामुळेच बहुधा निभावतो.

आपल्याकडच्या काही रीती या दृष्टीने पाहिल्या की त्यांची किंमत कळते. ढोलपथकाभोवती दोरी धरून चालणारे कार्यकर्ते मधली मोकळी जागा जपतात, आणि गर्दीला आक्रसायची वेळ आलीच तर तीच जागा उपयोगी पडते. गाडीच्या चाकांजवळ दोघांनी कायम चालणं, बायकामुलांना भिंत आणि गाडी यांच्यामध्ये न ठेवता मागे मोकळ्यावर ठेवणं, खांद्यावर बसवलेलं मूल ढोलापासून लांब ठेवणं, या गोष्टी कुणी शिकवत नाही, पण जाणती माणसं करतात. नाचणाऱ्या मुलीच्या अंगाला गर्दीच्या आडून हात लावणारा तर नाचाचाच शत्रू; त्याला तिथल्या तिथे बाहेर काढणं हे मंडळाचं काम आहे, तिचं एकटीचं नाही.

कानांबद्दल थोडक्यात. 85 डेसिबल आठ तास सोसवतात, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 ला पंधरा मिनिटं, 106 ला चारसुद्धा नाहीत. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण काचीगुड्यासारख्या गल्लीत भिंती तो परत फेकतात. हैदराबाद पोलिसांनी 2024 च्या ऑक्टोबरात धार्मिक मिरवणुकांतल्या डीजेवर बंदी घातली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. हाताने वाजणाऱ्या तीनमारचा वाजवणारा दमतो, आणि तो दमला की गर्दीलाही उसंत मिळते.

मंडळांना करता येण्याजोगी एक गोष्ट फार सोपी आहे. मिरवणुकीच्या वाटेवर जिथे गल्ली आक्रसते तिथे रस्त्यावर चुन्याने दोन बाय दोन मीटरचा चौकोन आखायचा आणि वरच्या गॅलरीत एकाला शिट्टी देऊन बसवायचं. चौकोनात डोकी मोजायची. सोळा म्हणजे चौरस मीटरला चार, तिथवर थांबायचंच नाही. बारा झाली की शिट्टी, आणि थांबवायची ती पुढची नव्हे, सगळ्यात मागची गाडी.