फ्यूजरसाठी पॉवर सप्लाय निवडताना

तर मंडळी, फ्यूजरचा व्हॅक्यूम जमला, आता प्रश्न सप्लायचा. सगळ्यांना आधी निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर सुचतो. त्यावर १५ हजार व्होल्ट लिहिलेलं असतं खरं, पण बहुतेकांत मधला बिंदू अर्थ केलेला असतो. म्हणजे अर्थच्या तुलनेत मिळतात साडेसात हजारच. प्लाझ्माची चमक दिसेल, पण न्यूट्रॉन मोजायचे तर २०-३० हजार तरी हवेत. त्यासाठी जुन्या एक्स-रे मशीनचा ट्रान्सफॉर्मर बरा. मधला बिंदू मात्र तिथेही तपासा.

डायोड असे लावायचे की आतली जाळी ऋण राहील, बाहेरचं भांडं अर्थला. उलटं झालं तर ड्यूटेरियमचे आयन जाळीकडे ओढलेच जाणार नाहीत.

आणि हो, हा सप्लाय माणूस मारू शकतो. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. अर्थ केलेली दांडी टेकवल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही.