पाकिटातली शाळा

“अगं, लिहायला कुणी शिकवतं का? ते आतूनच यावं लागतं!” हे वाक्य आपल्यातल्या बहुतेक लिहित्या बायकांनी घरात एकदा तरी ऐकलेलं असतं. आतून येतं हे खरंच. पण ते येतं तेव्हा नेमकी कुकरची शिट्टी होत असते, नाहीतर धाकट्याची चाचणी परीक्षा असते. मग वहीत निम्मी राहिलेली कथा राहते ती राहतेच. म्हणजे अडचण प्रतिभेची कमी आणि वेळेची जास्त. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजानं तिच्यावर काय तोड काढली, त्याची ही हकिगत.

लेखनाची पदव्युत्तर पदवी ही अमेरिकेत नवलाची गोष्ट नव्हे. आयोवा विद्यापीठात असा वर्ग १९३६ साली सुरू झाला. पण तिथं दोन वर्षं जाऊन राहायचं. नोकरी सोडून, मुलं कुणाच्या तरी ओटीत घालून! संसारी बाईला ते कसं जमायचं?

व्हरमाँट हे त्या देशाच्या ईशान्येचं डोंगराळ, बर्फाचं राज्य. तिथल्या प्लेनफील्ड गावात गॉडर्ड कॉलेज होतं. १९६३ साली तिथल्या एव्हलिन बेट्स या बाईंनी प्रौढांसाठी एक निराळीच रीत बसवली: सहा महिन्यांतून एकदा थोडे दिवस कॉलेजात येऊन राहायचं, बाकी अभ्यास आपापल्या घरी. पुढं १९७६ मध्ये एलन ब्रायंट व्हॉइट या कवयित्रीनं तीच रीत लेखनाच्या एम.एफ.ए. पदवीला लावली. बाई स्वतः आयोवाला शिकलेल्या, तेव्हा तिथली पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती.

चालायचं कसं, तर वर्षातून दोनदा जेमतेम दहा-बारा दिवस सगळे जमायचे. व्याख्यानं, वाचन, एकमेकांच्या लिखाणावर चर्चा. निघताना प्रत्येकाला एक शिक्षक नेमून मिळायचा आणि त्याच्याशी बसून सहा महिन्यांचा बेत ठरायचा. मग घरी आल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी एक पाकीट पोस्टात टाकायचं. त्यात नवी पानं, मागच्या पानांचं सुधारलेलं रूप, वाचलेल्या पुस्तकांवर टिपणं, आणि शिक्षकाला पत्र. टिपणात ‘पुस्तक आवडलं’ एवढंच लिहून भागायचं नाही. लेखकानं दहा वर्षांचा काळ एका परिच्छेदात कसा ओलांडला, बोलणं कुठं तोडलं, हे दाखवायचं. स्वेटर उसवून वीण बघावी, तसं! शिक्षकाकडून पानापानावर खुणा करून लांबलचक पत्र यायचं.

मला तर सगळ्यात या पत्राचं अप्रूप वाटतं. समोरासमोर कुणी चूक काढली की आपण आधी खट्टू होतो, मग उत्तर द्यायला लागतो. पत्राला उत्तर देता येत नाही. ते डाळीच्या डब्यामागं ठेवावं, दोन दिवस रुसावं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडावं. तेव्हा बहुधा पटतं. आपल्याकडं ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडेपर्यंत तिचे संपादक लेखकांना अशीच पत्रं लिहीत, आणि तीही पदवी न देता.

गॉडर्डला शिकवायला माणसंही मोठी होती. पुढं २०२० चं नोबेल मिळालेल्या कवयित्री लुईझ ग्लिक तिथं शिकवत, कथाकार रेमंड कार्व्हरही. मेरी कार तिथंच शिकल्या. त्यांचं आठवणींचं पुस्तक १९९५ मध्ये गाजलं.

पण स्पष्ट बोलायचं तर पदवी भिंतीवर टांगून प्रकाशक दारात येत नाही. शुल्कही हजारो डॉलरांत. मग पैसे मोजून मिळतं काय? एक तारीख आणि एक वाचक. ‘मला लिहायचंय’ म्हटलं की घरात कुणी वर बघत नाही. ‘माझं पाकीट मंगळवारी जायलाच हवं’ म्हटलं की नवराही भाजी चिरायला घेतो. परीक्षेचा मान आपल्या घरांतूनही राखतातच की!

हा लेखनवर्ग १९८१ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या वॉरन विल्सन कॉलेजात गेला. १९९४ पासून बेनिंग्टन कॉलेजातही तशाच धर्तीवर वर्ग भरू लागला. पाकीट आता ई-मेलनं जातं. गॉडर्ड मात्र विद्यार्थी घटत जाऊन २०२४ मध्ये बंद पडलं.

आपल्याला कुठलं अमेरिकेला जायला जमायला! पण दोघी मैत्रिणींनी महिन्याची एक तारीख ठरवून पानं बदलून पाहायला काय हरकत आहे? अट एकच, अभिप्राय फोनवर सांगायचा नाही, लिहूनच द्यायचा. आणि पहिलं पाकीट दहा पानांच्या वर नको. वाचणारीलाही स्वयंपाक असतो.