जनुकाचा पूर्णविराम

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात सुरुवातीलाच एक अक्षर चुकतं, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आज मात्र मी जनुकाच्या शेवटाबद्दल बोलणार आहे. जनुकोपचारात तो शेवट सांभाळावाच लागतो.

पेशी जनुकावरून आरएनएची नक्कल काढते. मग थांबायचं कुठे? शेवटाजवळ सहा अक्षरांची खूण असते: आरएनएत ए-ए-यू-ए-ए-ए. १९७६ साली प्राउडफूट आणि ब्राउनली यांनी ती दाखवून दिली. खूण दिसली की पुढे १०-३० अक्षरांवर आरएनए कापला जातो आणि त्याला सुमारे दोनशे ‘ए’ची शेपटी जोडली जाते. शेपटीमुळे तो टिकतो. कापून उरलेला धागा एक विकर कुरतडत जातं, आणि नक्कल काढणारं यंत्र जनुकावरून सुटतं.

ही खूण बिघडली तर? १९९४ साली भारतीय वंशाच्या लोकांत अल्फा-ग्लोबिनच्या या खुणेतली शेवटची दोन अक्षरं गळालेली सापडली. प्रथिनाचा मजकूर शाबूत, पण पूर्णविराम मोडला, म्हणून अल्फा-थॅलेसेमिया!

आता उपचाराकडे येऊ. रुग्णाच्या मूळ पेशी काढायच्या, लेंटिव्हायरसच्या व्हेक्टरमधून त्यांत कामाचं ग्लोबिन जनुक घालायचं, आणि पेशी परत द्यायच्या. पण या व्हेक्टरचा स्वतःचा मजकूर आरएनएचाच असतो. तो बनताना मध्येच जनुकाचा पूर्णविराम आला, तर व्हेक्टर अर्धवट कापला जाईल. युक्ती काय, तर जनुक उलट्या दिशेने बसवायचं. व्हेक्टरच्या आरएनएत ती खूण यू-यू-यू-ए-यू-यू होते, म्हणून कुणी कापत नाही. जनुकातले इंट्रॉनही त्यामुळे वाचतात. रुग्णाच्या पेशीत जनुक आपल्या दिशेने वाचलं जातं, आणि तिथे पूर्णविराम बरोबर लागतो.

अशा उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत ३१ लाख डॉलर. एटापल्ली-जिवतीतल्या घरांना ती कशी परवडणार? तोवर आपल्या हाती आहे ते करूया: लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी, आणि रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित हायड्रॉक्सीयुरिया.