चाळीस नावांची अमानत

घरातला माणूस परमुलखात वारला, तर मागे राहिलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठे वारला? कसा वारला? शेवटी जवळ कोण होते? गुसल कोणी दिला, जनाजाला किती माणसे होती, कब्र कुठे आहे? उत्तरे मिळाली म्हणून दुःख हलके होत नाही. पण सब्र करायला पायाखाली जमीन लागते आणि ती या उत्तरांनी मिळते. उत्तरच मिळाले नाही, तर आई दाराकडे पाहत राहते. पाहता पाहता तीही जाते.

अमेरिकेतली चाळीस घरे अशीच अनेक वर्षे उत्तराविना राहिली. त्यांच्यापर्यंत उत्तर पोहोचवले ते सरकारने नव्हे, तर काही म्हाताऱ्या सैनिकांनी आणि एका परक्या गावाने. ही हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले, कारण तिच्यात आपल्यासाठीही एक प्रश्न आहे.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. 1943 साली न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन फौजा जपानशी लढत होत्या. चिखल, मलेरिया आणि गोळीबार यांनी पोरे खचून जात. त्यांना थोडा आराम मिळावा म्हणून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील मॅकाय या किनारी गावात अमेरिकन रेड क्रॉसने विश्रांतीची सोय केली होती. सैनिक विमानाने येत, सुमारे दहा दिवस राहत, पोटभर जेवत आणि पुन्हा आघाडीवर परतत. गावकऱ्यांनी या पोरांना आपल्या घरी बोलावले, जेवू घातले.

14 जून 1943, सोमवार. पहाटे सहाच्या सुमारास धुक्यातच एक विमान मॅकायहून न्यू गिनीकडे निघाले. ते बी-17 जातीचे जुने बॉम्बफेकी विमान होते. लढाईत मार खाल्ल्यावर त्याला माणसे वाहण्याच्या कामाला लावले होते. आत सहा कर्मचारी आणि सुट्टी संपवून परतणारे पस्तीस सैनिक, असे एकूण एक्केचाळीस जण होते. विमान उडाले आणि अवघ्या पाच मिनिटांत, गावापासून सुमारे आठ किलोमीटरवर बेकर्स क्रीक येथे कोसळले. चाळीस जण ठार झाले. फॉय रॉबर्ट्स नावाचा टेक्सासचा एक तरुण तेवढा वाचला. विमान का पडले, याचे कारण नक्की झालेच नाही. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी विमान दुर्घटना आहे.

आवाज ऐकून जवळपासचे लोक धावले होते. साऱ्या गावाला माहीत होते. पण वर्तमानपत्रांना छापण्याची मनाई होती. अमेरिकन फौजा कुठे आहेत, कोणत्या वाटेने ये-जा करतात, हे जपानला कळू नये म्हणून हे मौन पाळले गेले. तिकडे अमेरिकेत घरोघरी तारा गेल्या. तुमचा मुलगा नैर्ऋत्य पॅसिफिक भागात विमान अपघातात मरण पावला, एवढाच त्यांचा आशय. गाव नाही, कारण नाही, सोबत कोण होते तेही नाही. मृतांचे दफन आधी टाउन्सव्हिल येथे झाले. युद्ध संपल्यावर त्यांना तिथून काढून काहींना हवाई बेटावर आणि बाकीच्यांना अमेरिकेत नेले गेले. शरीर आले, पण हकीकत आली नाही.

युद्धकाळातले मौन समजू शकते. युद्ध 1945 साली संपले, पण मौन तसेच राहिले. तेव्हा त्यामागे शत्रू नव्हता, नुसते विस्मरण होते.

ते तोडले मॅकायच्या माजी सैनिकांनी. ऑस्ट्रेलियात गावोगावी माजी सैनिकांची संघटना आहे. तिच्या मॅकाय शाखेने पुढाकार घेतला आणि 11 मे 1992 रोजी, म्हणजे अपघातानंतर जवळजवळ एकोणपन्नास वर्षांनी, बेकर्स क्रीक येथे स्मारक उभे राहिले. मेलेले पोरगे त्यांच्या देशाचे नव्हते, त्यांच्या पलटणीचे नव्हते. आपल्या मातीत मेले, एवढेच नाते होते. ते त्यांना पुरले.

पण त्या चाळीस घरांना अजूनही काही ठाऊक नव्हते. आता अमेरिकेतून दोघे पुढे आले. एक होते टेक्सासचे वृद्ध माजी सैनिक. त्यांचे चार मित्र त्या विमानात होते. त्यांनी सरकारी दप्तरातून मृतांची यादी मिळवली आणि एकेका कुटुंबाचा माग काढायला सुरुवात केली. दुसरे रॉबर्ट कटलर. त्यांचे वडील त्या पहाटे मॅकायच्या विमानतळावर अधिकारी होते आणि त्या पोरांना विमानात बसवण्याचे काम त्यांच्याकडे होते. वडिलांच्या रोजनिशीत मुलाला त्या दिवसाची नोंद सापडली. कटलर यांनी पुढे या अपघातावर पुस्तक लिहिले. आणखी काहीजण सोबतीला आले आणि चाळीसपैकी बहुतेक घरे सापडली. आईवडील केव्हाच गेलेले. कुठे म्हातारी बहीण, कुठे पुतण्या. त्यांना साठ वर्षांनी खरी हकीकत कळली.

मृतांच्या स्वतःच्या देशातही खूण हवी, म्हणून 14 जून 2009 रोजी अमेरिकेत फोर्ट मायर येथे, आर्लिंग्टनच्या प्रसिद्ध लष्करी कबरस्तानाला लागून, त्यांचे स्मारक अर्पण झाले. जिथे 1908 साली सेल्फ्रिज नावाचा अधिकारी विमान अपघातात मेला, आणि जगातला असा पहिला बळी ठरला, तीच ही छावणी.

कोणी म्हणेल, यात आपला काय संबंध? आणि मेल्यावर नावाचे दगड कशाला?

कब्रींवर डामडौल आपल्या दीनला मंजूर नाही, हे खरेच आहे. पण मृताला विसरणेही मंजूर नाही. अबू दाऊदमधील हदीस पाहा. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या दफनानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक दगड आणायला सांगितला. तो त्या माणसाला उचलेना, तेव्हा आपण स्वतः बाह्या वर सारून तो उचलला आणि कब्रीच्या उशाशी ठेवला, आपल्या भावाची कब्र ओळखता यावी म्हणून. दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मस्जिद-ए-नबवीत झाडलोट करणारी एक बाई वारली. लोकांनी बाब किरकोळ समजून कळवले नाही. प्रेषितांनी (स.) तिची विचारपूस केली, आपल्याला का कळवले नाही असे विचारले आणि कब्रीवर जाऊन नमाज अदा केली. उहुदच्या शहीदांसाठीही आठ वर्षांनी आपण दुआ केल्याचे बुखारीत आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. झाडू मारणारी बाई म्हणून तो कमीही होत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होमची इमारत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या, ज्यांना कब्रही लाभली नाही अशा दोन हजारांहून अधिक भारतीय दर्यावर्दींचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील हजारो खलाशांच्या नावांची नोंदही तिथेच आहे. हे कोण होते? बोटीवरचे सारंग, खलाशी, आगवाले, भंडारी. त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते आणि आपल्या कोकणातल्या गावांची माणसेही होती. त्या इमारतीवरून आपल्यापैकी कितीजण रोज जातात आणि किती आत डोकावले आहेत?

आजही कोकणातल्या एखाद्या घरात म्हातारी सांगते, आमचे आजे बोटीवर गेले ते आलेच नाहीत. नातवंडे ऐकतात आणि मोबाईलकडे वळतात. तोच मोबाईल इथे कामी येईल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नावावरून शोध घेता येतो. नावे इंग्रजीत नोंदलेली आहेत, तेव्हा एकाच नावाची दोन-चार रूपे करून पाहावी. इब्राहिम कुठे कसा लिहिला असेल, सांगता येत नाही. नाव सापडले, तर वहीत उतरवून ठेवा: नाव, बापाचे नाव, गाव, बोट, साल. नाही सापडले, तरी म्हातारीला आठवते तेवढे लिहून घ्या. ती आहे तोवरच हे होईल.

आमची एवढीच विनंती आहे. मॅकायच्या म्हाताऱ्या सैनिकांकडे पैसा किंवा सत्ता नव्हती. त्यांनी परक्या पोरांची नावे अमानत मानली आणि ती ज्याच्या-त्याच्या घरी पोहोचवण्याची वाट मोकळी केली. आपल्याला तर आपल्याच रक्ताची नावे शोधायची आहेत. नाव कळले की दुआत ते नाव घेता येते, त्याच्या नावाने सदका करता येतो. समुद्राच्या तळाशी असलेल्या त्या माणसाला दुसरे काही पोहोचत नाही. हे मात्र, इन्शाअल्लाह, पोहोचते.